दूरस्थ हातांची मोजदाद

सहकारी संस्थांच्या कारभारात दोन प्रकारची माणसे भेटतात : एक, ज्यांचा माणसांवर विश्वास असतो, आणि दुसरी, ज्यांचा केवळ नोंदींवर असतो. आमच्या पतसंस्थेचे मानद चिटणीस भाऊसाहेब हे पहिल्या वर्गातले, संगणक विभाग सांभाळणारे नाना दुसऱ्या वर्गातले. आणि संस्था आजवर सुखरूप चालली ती या दोघांचे फारसे पटत नसल्यामुळेच, असे संचालक या नात्याने माझे मत बनले आहे. मागील सभेपुढे नानांचे एक टिपण आले होते. मुख्य कार्यालय व शाखा यांच्या समग्र जाळ्यावर, दूर बसून संगणक चालविण्याची सोय करून देणाऱ्या ज्या ज्या सेवा चालू असतील त्यांचा शोध घेण्यास मंजुरी मिळावी, अशी त्यात विनंती होती. भाऊसाहेबांनी विषय तहकूब ठेवला. आणि सभा संपल्यावर, चहाचे पेले उचलले जाण्याच्या आतच, वाद सुरू झाला. तो पुनरुक्ती तेवढी गाळून पुढे देत आहे.

भाऊसाहेब : नाना, तुमचे टिपण मी दोनदा वाचले. भाषा सौम्य आहे. परंतु आशय इतकाच, की प्रत्येक सेवकाच्या यंत्राची झडती घ्यावी आणि त्यावर बाहेरून कोण येते-जाते याचा छडा लावावा. टाळेबंदीच्या दिवसांत ज्यांनी जिवाची पर्वा न करता काउंटर उघडे ठेवले, त्यांच्यावर आज हा संशय घ्यावा असे त्यांनी काय केले?

नाना : त्यांनी काहीच वाईट केलेले नाही, आणि माझा रोखही त्यांच्यावर नाही. टाळेबंदीत घरून काम करता यावे म्हणून घाईने ज्या सोयी उघडल्या गेल्या, त्यांतल्या किती पुढे बंद झाल्या, हे तुम्हाला सांगता येईल का? मलाही येत नाही. जाळ्यावरील प्रत्येक यंत्राला 0 ते 65,535 अशा क्रमांकांची पोर्ट असतात. बहुतेक मुकी असतात. परंतु ज्या क्रमांकामागे एखादी सेवा कान देऊन बसली असेल, तेथे हाक दिली की उत्तर येते. टेलनेट 23 वर बसते, एसएसएच 22 वर, विंडोजचा रिमोट डेस्कटॉप 3389 वर आणि व्हीएनसी 5900 वर. मी हाका मारून उत्तरे टिपून घेणार आहे, एवढाच या ‘झडती’चा अर्थ.

भाऊसाहेब : आणि एखाद्याने क्रमांक बदलला तर? मुलाने घरच्या कॅमेऱ्याचा बदलून ठेवला आहे. आता कोणाला सापडणार नाही म्हणतो.

नाना : सापडतो. क्रमांक बदलला तरी सेवेची बोलण्याची लकब बदलत नाही. गेल्या महिन्यात तुमच्याच सहीने मुख्य कार्यालयापुरती परवानगी मिळाली होती, ती घेऊन मी दिवसाचा रोख हिशेब मिटल्यावर बसलो. भांडार विभागाच्या संगणकावर 5907 उघडे दिसले. तेथे नुसती जोडणी केली, माझ्याकडून एक अक्षर गेले नाही, तोच पलीकडून आपण होऊन ‘आरएफबी 003.008’ एवढी बारा अक्षरांची ओळ आली, शेवटी न दिसणारे ओळ-समाप्तीचे एक अक्षर धरून. व्हीएनसीची सलामी ती हीच. 5900 असो की 5907, सेवा तोंड उघडते ते याच शब्दांनी. एसएसएचही तसेच, आपले नाव व आवृत्ती आधी सांगून मोकळे होते. रिमोट डेस्कटॉप मात्र मितभाषी. त्याला अगोदर आपण विचारावे लागते, मग तो उत्तर देतो. म्हणून एनमॅपसारखे साधन केवळ पोर्ट उघडे आहे एवढ्यावर न थांबता त्याच्याशी दोन शब्द बोलून पाहते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागते : वेगळे सांगितले नाही तर ते सर्वसाधारण वापरातली 1,000 पोर्टच पाहते. पाऊण लाखाच्या आसपास क्रमांकांपैकी हजारच पाहून ‘सर्व ठीक’ असा दाखला देणारे तपासनीस मी पाहिले आहेत.

(पासष्ट हजारांना नाना पाऊण लाखाच्या आसपास म्हणाले, त्यावरून त्यांना किती राग आला होता हे कळते; एरवी ते पैशाचीही चूक करीत नाहीत.)

भाऊसाहेब : तुमच्या या हाकांनी काही बिघडत नाही, असे मात्र सांगू नका. माझ्या मेहुण्यांच्या कारखान्यात असाच एक तपासनीस आला होता. त्याने यंत्र चालू केले आणि लेखा विभागाच्या प्रिंटरने आपण होऊन अर्थहीन अक्षरांची पानेच्या पाने ओकायला सुरुवात केली. लोक भूत लागले म्हणाले.

नाना : घडते असे. बहुतेक जाळ्यावरचे प्रिंटर 9100 या पोर्टवर येईल ते छापायचे, एवढेच जाणतात. तुमची विचारणादेखील ते मजकूर समजून छापतात. म्हणूनच एनमॅपने सेवा ओळखण्याच्या कामातून 9100 ते 9107 हे क्रमांक मुळातच वगळलेले आहेत. कारखान्यांतली नियंत्रणयंत्रे याहून नाजूक. त्यांना अशी धडक हाक मारू नये, तेथे वाहत्या रहदारीकडे नुसते पाहत बसावे. आपल्याकडे तशी यंत्रे नाहीत. आहे तो एक कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, आणि त्याचे 23 उघडे आहे. टेलनेटची प्रचलित नियमावली 1983 मधली. त्यात पासवर्ड जसाच्या तसा, उघडा, तारेवरून जातो. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात अशाच रीतीने पासवर्ड चोरले गेले, म्हणून तातू युलोनेन यांनी 1995 मध्ये एसएसएच लिहिले. त्यालाही तीन दशके झाली, आणि आपला डीव्हीआर अजून टेलनेटच बोलतो. 2016 मध्ये मिराई नावाच्या उपद्रवी प्रणालीने जगभरचे असेच कॅमेरे व डीव्हीआर, कारखान्याने घालून दिलेले पासवर्ड वापरून, टेलनेटवाटे आपल्या ताब्यात घेतले आणि त्यांच्याच बळावर ऑक्टोबरात अमेरिकेतल्या डाइन या कंपनीवर असा मारा केला, की कित्येक प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास उघडेनाशी झाली. ते डीव्हीआर ज्यांच्या भिंतीवर होते, त्यांना त्याची खबरही नव्हती.

भाऊसाहेब : ही सारी परदेशची उदाहरणे. तुमच्या टिपणात फ्लोरिडातल्या पाणीपुरवठ्याची कथा आहे ना? ती मी मुद्दाम वाचली, आणि तिच्यावर मला बोलायचे आहे.

नाना : बोला. फेब्रुवारी 2021 ची गोष्ट. ओल्ड्समार या लहान शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात चालकाच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपण होऊन फिरू लागला आणि पाण्यात मिसळायच्या कॉस्टिक सोड्याचे प्रमाण दशलक्षात 100 भागांवरून 11,100 भागांवर नेले गेले. चालकाने तत्क्षणी ते पूर्ववत केले. मार्ग कोणता, तर टीमव्ह्यूअर हे दुरून संगणक चालविण्याचे सॉफ्टवेअर. ते रोजच्या वापरातून गेले होते, परंतु यंत्रावरून काढलेले नव्हते.

भाऊसाहेब : आणि पुढे काय झाले, ते तुम्ही टिपणात लिहिले नाही. 2023 मध्ये तेथल्याच माजी नगर-व्यवस्थापकाने जाहीर सांगितले, की बाहेरचा कोणी शिरलाच नव्हता. आपल्याच कर्मचाऱ्याच्या हातून झालेली ती चूक असावी. बाहेरून कोणी आल्याचे तपासयंत्रणेलाही सिद्ध करता आले नाही. ज्या कथेवर तुम्ही अविश्वासाची इमारत उभी करता, तिचा पायाच डळमळीत आहे, नाना.

हा आक्षेप वर्मी लागणारा होता. नानांनी पेला खाली ठेवला. आणि त्यांचे जे उत्तर आले, त्यासाठीच हा संवाद लिहून काढण्याजोगा मला वाटला.

नाना : भाऊसाहेब, तुम्ही म्हणता ते खरे धरू. मग माझे म्हणणे दुप्पट बळकट होते. एका शहराच्या पाण्यात विष कालवण्याजोगा हुकूम यंत्राला दिला गेला. आणि दोन वर्षांनंतरही तो आतल्या माणसाने दिला की बाहेरच्या, याचा निर्णय सर्वमान्य रीतीने होत नाही. का होत नाही? तेथल्या सर्व संगणकांना दूरस्थ प्रवेशासाठी एकच पासवर्ड होता, आणि ते फायरवॉलच्या आडोशावाचून इंटरनेटला जोडलेले होते, असे नंतरच्या सरकारी सूचनेत नमूद आहे. सर्वांचा पासवर्ड एक, म्हणजे नोंदीत सर्वांचे नाव एक. चोर आला नसेल. परंतु निरपराध कर्मचाऱ्याला ‘मी नव्हे’ असे सिद्ध करण्याचे साधनही उरले नाही. तुम्हाला सेवकांच्या अब्रूची काळजी आहे. ती मलाही आहे. उद्या रात्री अडीच वाजता एखाद्या कारकुनाच्या यंत्रावरून ठेवीची रक्कम वळती झाली, तर पहिला संशय त्या कारकुनावरच येईल. विंडोजच्या नोंदीत 4624 क्रमांकाची प्रवेशनोंद असते आणि तिच्यात प्रवेशाचा प्रकार लिहिलेला असतो : 2 म्हणजे समोर बसून, 10 म्हणजे रिमोट डेस्कटॉपवाटे दुरून. हा एक आकडा जपून ठेवलेला असेल, तर तो माणूस यंत्रासमोर बसलेला नव्हता हे तरी म्हणता येईल. आज तो आपण जपत नाही.

भाऊसाहेब : हे मी मान्य करतो, इतक्या स्पष्टपणे टिपणात का लिहीत नाही तुम्ही? पण मग मोजणीच्या खटाटोपापेक्षा सरळ हुकूम का काढू नये? फायरवॉलवर सगळे दूरस्थ मार्ग बंद. परिपत्रक फिरवू, सर्वांच्या सह्या घेऊ.

नाना : परिपत्रक फिरेल आणि दुसऱ्या दिवशी शाखेतून फोन येईल, की व्याजाची आकारणी अडली आहे आणि सॉफ्टवेअरवाला ‘ॲनीडेस्कचा नंबर द्या’ म्हणतो आहे. शाखाधिकारी काय करील? देईल. आणि तो मार्ग तुमच्या फायरवॉलला दिसणारही नाही. कारण ॲनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर बाहेरून आत येत नाहीत, आतले यंत्रच बाहेरच्या मध्यस्थाकडे जोडणी मागते आणि गरज पडल्यास तीही 443 वरून, ज्या वाटेने तुमची बँकेची सुरक्षित पाने उघडतात. बाहेरून मी हजार हाका मारल्या तरी तेथे उत्तर देणारे कोणी नसते. म्हणून शोधाचा अर्धा भाग आत बसूनच करावा लागतो : कोणत्या यंत्रावर कोणती सॉफ्टवेअरे बसविली आहेत त्याची यादी घ्यायची, आणि नावांची चौकशी ज्या डीएनएस सर्व्हरकडे होते, त्याच्या नोंदींत या सेवांच्या मध्यस्थांची नावे शोधायची. ‘नेट.ॲनीडेस्क.कॉम’वर संपणाऱ्या नावाची चौकशी एखाद्या यंत्राने रविवारी पहाटे केली असेल, तर मी त्या शाखेला फोन करीन; ती सोमवारी दुपारी साडेबाराला केली असेल, तर बहुधा सॉफ्टवेअरवालाच.

भाऊसाहेब : ‘बहुधा’! आता मी तुम्हाला पकडतो. सोमवारी दुपारी आला तो सॉफ्टवेअरवालाच, हे तुम्हाला कोणी सांगितले? साधन तेच, वेळ सोयीची, माणूस दुसरा, ओळखणार कसे?

नाना : ओळखता येणार नाही. जानेवारी 2023 मध्ये अमेरिकेच्या सायबर-सुरक्षा यंत्रणेने हाच इशारा दिला, की भामटे आता स्वतःची घातक प्रणाली लिहिण्याच्या फंदात पडत नाहीत. ॲनीडेस्क, स्क्रीनकनेक्ट अशी राजमान्य साधनेच गोड बोलून लोकांकडून उघडून घेतात. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच बँकांना सावध केले होते, की ग्राहकांच्या मोबाइलवर ॲनीडेस्क घ्यायला लावून खाती रिकामी केली जात आहेत. आपल्या दोन सभासदांची रक्कम अशीच गेली, तुम्हाला ठाऊक आहे.

भाऊसाहेब : मग तुमची मोजणी पुरी होऊन काय निष्पन्न होईल? शंभर ओळींची यादी. आणि तीतली खरी कोणती, खोटी कोणती, हे सांगायला पुन्हा तुम्ही फोन फिरवीत बसणार. नाना, मी तीस वर्षे संस्थेचे दप्तर सांभाळले आहे. आवक-जावक बारनिशी नसलेल्या कचेरीत एखादे पत्र ‘अनधिकृत’ ठरविता येत नाही, कारण अधिकृत कोणते हेच कोठे लिहिलेले नसते. तुम्ही शोधाला निघाला आहात, पण कशाशी ताडून पाहणार? परवाने दिलेल्यांची यादी आहे तुमच्याकडे?

नाना काही क्षण बोलले नाहीत. यादी नव्हती. मला वाटते, संगणकक्षेत्रातल्या पुष्कळ शहाण्या माणसांची गाडी येथेच अडते : शोधण्याची साधने त्यांना इतकी प्रिय असतात, की रुजुवातीसाठी हाती अस्सल कागद हवा, ही दप्तरखान्यातल्या कोणाही शिरस्तेदाराला ठाऊक असलेली गोष्ट त्यांच्या मनात उशिरा येते.

नाना : नाही. ती आधी करायला हवी, हे मला कबूल आहे.

भाऊसाहेब : मग लिहून घ्या. दूरस्थ प्रवेशाची एक नोंदवही. कोणाला, कोणत्या यंत्रावर, कोणत्या साधनाने, कोणत्या कामासाठी, कोणाच्या मंजुरीने, आणि कधीपर्यंत. मुदतीचा रकाना रिकामा असेल तर परवाना मिळायचा नाही.

नाना : मुदतीचा रकाना हा त्यात सर्वांत मोलाचा. टेक्सासपासून न्यू जर्सीपर्यंत सुमारे 8,850 किलोमीटर तेल वाहून नेणारी कोलोनिअल पाइपलाइन मे 2021 मध्ये बंद पडली, ती एका खंडणीखोर टोळीमुळे. आणि टोळी आत आली ती वापरातून गेलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्यावाटे. त्या खात्याला पासवर्डाखेरीज दुसरी कसलीही ओळखपरीक्षा नव्हती, असे कंपनीच्या प्रमुखांनी सिनेटपुढे साक्षीत सांगितले. पासवर्ड मात्र सोपा नव्हता, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. सुमारे 44 लाख डॉलर खंडणी भरावी लागली. खाते कोणी चोरून उघडलेले नव्हते, भाऊसाहेब. कंपनीनेच दिलेले होते आणि कंपनीच विसरली होती.

भाऊसाहेब : नोंदवही तर झाली. आता तुमच्या डीएनएसच्या नोंदींबद्दल माझा आक्षेप कायम आहे. त्यांत केवळ ॲनीडेस्क दिसत नाही. एखाद्या मुलीने दुपारच्या सुट्टीत कोणत्या रुग्णालयाची चौकशी केली, कोणी दुसरी नोकरी शोधली, तेही दिसते. ते तुमच्या डोळ्यांखाली यावे हे मला रुचत नाही.

नाना : दूरस्थ सेवांच्या नावांची यादी लावून तेवढ्याच ओळी बाहेर काढता येतात, बाकीच्या मला वाचाव्या लागत नाहीत. मात्र त्या पुसता येणार नाहीत. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर-सुरक्षा यंत्रणेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या संगणकप्रणालींच्या नोंदी 180 दिवस जपायच्या आहेत आणि घुसखोरीसारखी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायची आहे.

भाऊसाहेब : जपा, पण कुलुपात. उघडायच्या तर दोन सह्यांनी, एक तुमची आणि एक माझी. आणखी एक : शाखांच्या पलीकडे, सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवर तुमच्या हाका जाता कामा नयेत.

नाना : जाणार नाहीत. दुसऱ्याच्या यंत्रात त्याच्या परवानगीवाचून शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 43 व्या कलमाचा विषय आहे. त्यांच्याकडून लेखी होकार आला तरच त्यांचे यंत्र पाहीन. बाहेरचे लोक मात्र आपली परवानगी मागत नाहीत. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिले, की एका चांगल्या जोडणीवरून साऱ्या जगाच्या जुन्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांवर एका पोर्टची हाक 45 मिनिटांच्या आत मारता येते; आणि शोदान ही सेवा 2009 पासून असे निष्कर्ष लोकांपुढे ठेवीत आली आहे. आपले कोणते पोर्ट उघडे आहे याची यादी आजही कोणाकडे तरी आहे. ती फक्त आपल्याकडे नाही.

भाऊसाहेब : ठीक. परंतु शोध जाहीर करून करायचा. तारीख कळवा, शाखांना आठ दिवस द्या.

नाना : आठ दिवसांत जो तो आपले ॲनीडेस्क काढील आणि नवव्या दिवशी पुन्हा घालील. तारीख कळवून झडती घेतल्यावर हाती काय लागणार?

भाऊसाहेब : अर्ध्या लोकांनी तरी ते कायमचे काढलेले असेल, हे लागेल. तुम्हाला गुन्हेगार पकडायचे आहेत की मार्ग बंद करायचे आहेत?

नाना : दोन्ही.

येथे दोघांचे जमले नाही, आणि अजूनही जमलेले नाही. माझे मत विचाराल तर पहिली फेरी भाऊसाहेबांच्या रीतीने, जाहीर तारीख देऊन व्हावी, कारण आजवर परवानाच नव्हता तेथे कोणाला बेपरवाना ठरविणे अन्यायाचे होईल. नोंदवही तयार झाल्यानंतरच्या साऱ्या फेऱ्या मात्र नानांच्या मर्जीच्या दिवशी, कोणालाही न कळविता व्हाव्यात. तसा ठराव मी येत्या सभेपुढे मांडणार आहे. ज्या वाचकांच्या हाती अशा एखाद्या संस्थेचा, शाळेचा, रुग्णालयाचा वा पेढीचा कारभार असेल, त्यांनी ठरावाची वाट न पाहता आपल्या संगणक पाहणाऱ्या माणसाकडून फायरवॉलवरील नियमांची यादी उद्याच छापून मागवावी, आणि तिच्यात बाहेरून आत येण्यासाठी 3389, 5900 किंवा 23 उघडे दिसल्यास ते कोणी, कोणासाठी, कधीपर्यंत उघडले आहे हे लेखी विचारावे. उत्तर येईपर्यंत ते बंद ठेवावे.